वसई प्रांतातील जमीनहक्क

दक्षिणेस वसईची खाडी, उत्तरेस वैतरणा नदी, पश्चिमेस अरबी समुद्र आणि पूर्वेस तुंगार-कामणदुर्ग यांच्या डोंगररांगा यांनी वेढलेल्या प्रदेशात स्थावर मालमत्तेविषयी गेल्या पाच शतकांत प्रचारात आलेली तत्त्वे व त्यांचा इतिहास. हा प्रदेश म्हणजे स्थूलमानाने सध्याचा वसई तालुका होय. तो पूर्वी ठाणे जिल्ह्यात मोडत असे. १ ऑगस्ट २०१४ रोजी निर्माण झालेल्या पालघर जिल्ह्यात त्याचा समावेश झाला. गुजरातचे सुलतान, पोर्तुगीज, मराठे, इंग्रज आणि स्वतंत्र भारताचे शासन अशा पाच राजवटी येथे एकामागून एक आल्या. प्रत्येकीने जमिनीचे नवे दप्तर आणि नवी परिभाषा आणली; शेतात व वाडीत राबणारा माणूस मात्र बहुधा तोच राहिला.

स्थावर मालमत्तेच्या कायद्यात मालकी, कबजा आणि करदायित्व या तीन भिन्न बाबी मानल्या जातात. वस्तूचा उपभोग घेणे, तिच्यातून इतरांना वगळणे आणि ती दुसऱ्यास देऊन टाकणे या अधिकारांचा समुच्चय म्हणजे मालकी. प्रत्यक्ष ताबा म्हणजे कबजा. तो मालकाकडे असतो तसाच कुळाकडे, गहाणदाराकडे किंवा निव्वळ घुसखोराकडेही असू शकतो. राज्याला महसूल देण्याची जबाबदारी ही तिसरी बाब होय. तिन्ही एकाच व्यक्तीच्या ठायी असतील, तर वाद उद्‌भवत नाही. वसईत त्या क्वचितच एकत्र राहिल्या. राज्यकर्त्यांनी आपल्या सोयीसाठी तिसऱ्या बाबीची नोंद ठेवली आणि लोकांनी तिलाच पहिलीचा पुरावा मानले, हे येथील बहुतेक तंट्यांचे मूळ कारण आहे.

प्राचीन भारतीय विचार : जंगल तोडून जमीन प्रथम लागवडीस आणणाऱ्याचे शेत, असे मनुस्मृतीत म्हटले आहे. राजाला सर्व पृथ्वी दान करता येते काय, असा प्रश्न मीमांसकांनी विश्वजित यज्ञाच्या संदर्भात उपस्थित केला व त्याचे उत्तर नकारार्थी दिले. मूळच्या पैठणच्या भट्ट घराण्यातील नीलकंठ भट्ट याने सतराव्या शतकात काशी येथे व्यवहारमयूख हा ग्रंथ रचला. त्यात हाच विचार त्याने जेत्यालाही लागू केला आहे : जिंकलेल्या राजाचे स्वतःचे घर, शेत व द्रव्य जेत्याचे होते; परंतु जेथे त्या राजाला केवळ कर घेण्याचा हक्क होता, तेथे जेत्यालाही तेवढाच हक्क मिळतो. प्रत्येक गावातील प्रत्येक शेताचे स्वामित्व भूमिधारकांचेच राहते. पुढे इंग्रजी न्यायालयांनी गुजरात, मुंबई बेट व उत्तर कोकण येथे मयूखाला विशेष प्रमाण मानले, म्हणजेच वसईच्या हिंदूंनाही तो लागू झाला. ज्या काळात नीलकंठ हे लिहीत होता, त्याच काळात वसईत याच्या नेमक्या उलट तत्त्वावर कारभार चालला होता, हा योगायोग लक्षणीय आहे.

पोर्तुगीज काळ : गुजरातचा सुलतान बहादुरशाह याने २३ डिसेंबर १५३४ च्या तहान्वये वसई व तिच्या अंकित प्रदेश पोर्तुगिजांना दिला. सुलतानाकडे प्रामुख्याने होता तो महसुलाचा हक्क. पोर्तुगिजांनी मात्र आपल्या राजाला भूमीचा धनी मानून गावांची वाटणी केली. त्यांच्या पद्धतीचा पाया रोमन विधीतील एम्फिट्यूसिस ही संस्था होती. तीनुसार एकाच जमिनीत दोन प्रकारचे स्वामित्व संभवते. मूळ धन्याकडे ‘मूलस्वामित्व’ राहते आणि ठरावीक खंड देऊन जमीन धारण करणाऱ्याकडे ‘उपभोगस्वामित्व’ जाते. धारकाचा हक्क साध्या भाडेकऱ्याहून पुष्कळच बळकट असतो. तो वारशाने जातो आणि धन्याच्या संमतीने विकताही येतो. खंड थकल्यास मात्र जमीन परत जाते. अशा पट्ट्यास पोर्तुगीज भाषेत अफोरामेंतो, पट्ट्याने दिलेल्या जमिनीस प्राझो आणि खंडास फोरो म्हणत.

वसई ही पोर्तुगिजांच्या ‘उत्तर प्रांता’ची राजधानी होती. या प्रांतातील गावेच्या गावे फिदाल्गो (सरदार), निवृत्त लष्करी अधिकारी आणि धार्मिक संघ यांना अशा पट्ट्यांनी देण्यात आली. मुदत वर्षांत न मोजता हयातींत मोजली जाई. ती बहुधा तीन हयातींची असे. पहिला धारक दुसऱ्याचे व दुसरा तिसऱ्याचे नाव ठरवी. तिसऱ्याच्या मृत्यूनंतर गाव राजाकडे परत जावे हा नियम. व्यवहारात पट्ट्याचे नूतनीकरण करून घेण्याकडे घराण्यांचा कल असे. फोरोखेरीज घोडा व हत्यारबंद माणसे बाळगण्याची अट अनेक पट्ट्यांत घातलेली असे; कारण हा प्रदेश लढून राखावयाचा होता. पोर्तुगीज पुरुषाशी विवाह करील या अटीवर गाव मुलीच्या नावे हुंडा म्हणून देण्याचीही प्रथा होती. मोझँबीकमधील झँबेझी नदीच्या खोऱ्यातही तीन हयातींचे प्राझो देण्यात आले व तेथेही ते स्त्रियांकडे जात. जमीन हे साम्राज्याची वस्ती टिकविण्याचे साधन होते, हे दोन्ही ठिकाणी सारखेच दिसते.

महसूलखात्याचा प्रमुख सिमाँव बोतेल्यू याने १५५४ मध्ये तयार केलेल्या तोंबो या नोंदवहीत वसई प्रांतातील गावांची व त्यांच्याकडून यावयाच्या रकमांची नोंद आहे. तीत भाताचे माप मुडा असे असून धान्याला ‘बाते’ म्हटले आहे. हा शब्द मराठी ‘भात’ यावरूनच पोर्तुगीजमध्ये शिरला. कोलोकियूस या औषधिविषयक ग्रंथाचा (१५६३) कर्ता गार्सिया द ओर्ता या वैद्यालाही याच सुमारास मुंबई बेट याच पद्धतीच्या पट्ट्याने मिळाले होते. तोंबोमध्ये गावे, त्यांचे धारक व देण्याची रक्कम यांचा तपशील बारकाईने आढळतो. शेत नांगरणारा कुणबी, ज्याला पोर्तुगीज कागदपत्रांत कुरुंबी म्हटले आहे, तो यात एका परीने गावाचाच भाग समजला गेला. त्याला गाव सोडून जाण्याची मुभा नसे आणि गाव एका धारकाकडून दुसऱ्याकडे गेले की, तोही त्याबरोबर जाई. मुंबई बेट इंग्रजांकडे गेल्यावर (१६६५) तेथील फोरास, फजिनदारी, टोका इ. जमीनधारणेच्या प्रकारांत पोर्तुगीज अमलाच्या खुणा टिकून राहिल्या. वसईत त्या अशा रीतीने टिकल्या नाहीत. याचे कारण १७३९ मध्ये सापडते.

मराठी अंमल : चिमाजी आप्पाने दीर्घ वेढ्यानंतर मे १७३९ मध्ये वसईचा किल्ला घेतला. १६ मे रोजी तह झाला आणि पोर्तुगीज सैन्य आपल्या कुटुंबांसह व चीजवस्तूंसह बाहेर पडले. चीजवस्तू नेता आल्या, गावे नेता आली नाहीत. पट्टेदारांचे उपभोगस्वामित्व संपुष्टात आले आणि राजाचे मूलस्वामित्व पेशव्यांच्या सरकारकडे आले. कायद्याच्या भाषेत दोन्ही स्वामित्वे एकत्र झाली. वाडीत व शेतात असणारी कुळे मात्र जागच्या जागीच राहिली. त्यांत धर्मांतर केलेली ख्रिस्ती कुटुंबेही होती. शंकराजी केशव फडके याच्याकडे प्रांताचा कारभार सोपविण्यात आला. मराठी दप्तराबरोबर वतन, इनाम, सनद आणि वहिवाट ही परिभाषा वसईत आली. त्यांपैकी ‘वहिवाट’ या कल्पनेला धर्मशास्त्राचा आधार होता. मालकाच्या डोळ्यांदेखत व त्याची हरकत नसताना परक्याने वीस वर्षे भूमीचा उपभोग घेतल्यास मालकाचा हक्क बाधित होतो, असे याज्ञवल्क्यस्मृती सांगते. १९६३ च्या मुदत अधिनियमात हीच कल्पना प्रतिकूल कबजाच्या रूपाने आढळते. खाजगी मालकाविरुद्ध हा काळ बारा वर्षांचा व सरकारविरुद्ध तीस वर्षांचा आहे.

इंग्रजी अंमल : १७८० मध्ये इंग्रजांनी वसई जिंकली व सालबाईच्या तहाने (१७८२) ती परत केली. पेशवाईची अखेर घडविणारा ३१ डिसेंबर १८०२ चा प्रसिद्ध तह येथेच झाला. परंतु येथील शेतांशी त्याचा काही संबंध नाही. १८१७-१८ नंतर इंग्रजी कारभार स्थिर झाला. गोल्डस्मिड व विंगेट यांनी आखलेल्या मुंबई सर्वेक्षण पद्धतीने प्रत्येक शेताला क्रमांक, क्षेत्र व आकार लावण्यात आला आणि तीस वर्षांसाठी महसूल ठरवून तो थेट शेतकऱ्याकडून घेण्यात येऊ लागला. ही रयतवारी होय. या कायद्यांनी शेतकऱ्याला ‘मालक’ हा शब्द कटाक्षाने लावला नाही. तो ‘कबजेदार’ होता. त्याचा हक्क वारशाने जाई व विकताही येई, पण तो महसूल देण्याच्या अटीवर. हस्तांतर करताना जुन्या कबजेदाराने राजीनामा व नव्याने कबुलायत द्यावयाची असे. १८७९ च्या मुंबई जमीन महसूल अधिनियमाने जी जमीन कोणाचीच नाही ती सरकारची, हे तत्त्व निःसंदिग्धपणे मांडले. खाडीकाठची खाजणे, गुरचरण व डोंगरातील रान यांवर गावकऱ्यांची पूर्वापार वहिवाट असली, तरी सातबारासारखा कागद नव्हता. अशा जमिनी या तत्त्वाखाली सरकारकडे गेल्या. तुंगारच्या पायथ्याच्या वारली, मल्हार कोळी व कातकरी यांना याची झळ सर्वांत अधिक लागली.

खाजगी व्यवहारांचा कायदा थोडा उशिरा आला. १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण अधिनियम मुंबई इलाख्याला १ जानेवारी १८९३ पासून लागू झाला. शंभर रुपये वा अधिक किंमतीच्या स्थावराची विक्री नोंदणीकृत दस्तानेच व्हावी, विक्रीचा केवळ करार हा विक्री नव्हे, ज्याच्याकडे जेवढा हक्क आहे त्याहून अधिक त्याला देता येत नाही आणि गहाण सोडवून घेण्याचा हक्क अटी घालून मारता येत नाही, ही त्याची प्रमुख तत्त्वे होत. शेवटचे तत्त्व कर्जबाजारी शेतकऱ्याच्या हिताचे होते. तथापि मुदतखरेदीच्या दस्ताने सावकार त्याला वळसा घालीत. ठरलेल्या मुदतीत रक्कम परत न केल्यास गहाणाचीच खरेदी होई.

वारसा व वाडी : किनारपट्टीवरील बागायतीला ‘वाडी’ म्हणतात. केळी, पानवेल, फुले व भाजीपाला यांसाठी प्रसिद्ध असलेल्या या वाड्या क्षेत्राने लहान असून गुंठ्यांत मोजल्या जातात (चाळीस गुंठे म्हणजे एक एकर). एकाच गावात शेजारी शेजारी असणाऱ्या दोन वाड्यांना वारशाचे दोन वेगळे कायदे लागू होतात, हे वसईचे वैशिष्ट्य आहे. हिंदू कुटुंबात मिताक्षरा व मयूख यांनुसार पुत्राला वडिलार्जित मिळकतीत जन्मतःच हक्क प्राप्त होई. कन्येला १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमाने वारसा मिळाला, महाराष्ट्रात १९९४ मध्ये अविवाहित कन्येला व २००५ च्या केंद्रीय सुधारणेने सर्वच कन्यांना सहदायकी मिळाली. ख्रिस्ती कुटुंबाला १८६५ चा व नंतर १९२५ चा भारतीय उत्तराधिकार अधिनियम लागू झाला. त्यात जन्मसिद्ध हक्क नाही. पिता हयात असेतो त्याची मालमत्ता सर्वस्वी त्याचीच असते, परंतु मृत्युपत्र न करता तो वारल्यास पुत्र व कन्या यांना समान वाटा मिळतो. म्हणजे कागदोपत्री तरी वसईच्या ख्रिस्ती कन्येला शेजारच्या हिंदू कन्येच्या आधी नव्वद वर्षे समान हक्क मिळाला होता. प्रत्यक्षात लग्न होऊन सासरी गेलेल्या बहिणीने भावाच्या नावे हक्कसोड करून द्यावा अशीच रूढी दोन्ही समाजांत दीर्घकाळ होती. जमिनीचा भाव चढल्यावर ही रूढी सैल झाली आणि जुन्या हक्कसोडपत्रांवरील वाद न्यायालयात येऊ लागले. विवाहाबरोबर पतिपत्नींची मालमत्ता सामाईक करणारी गोव्यातील पद्धत वसईत नाही. तिचा आधार असलेली पोर्तुगीज नागरी संहिता १८६७ ची असून त्यापूर्वी सव्वाशे वर्षांहून अधिक काळ आधी पोर्तुगीज येथून गेले होते.

वाडीची वाटणी झाली, तरी विहीर वाटता येत नाही. ती सामाईक राहते व पाण्याची पाळी ठरते. आतल्या वाडीत जाण्याची पायवाट शेजाऱ्याच्या बांधावरून जाते. दुसऱ्याच्या जमिनीवरील अशा मर्यादित हक्काला सुविधाधिकार म्हणतात. १८८२ च्या अधिनियमानुसार तो वीस वर्षांच्या अखंड व उघड वापराने प्राप्त होऊ शकतो. रस्ता वा पाणी अडविल्यास सहा महिन्यांच्या आत तहसीलदाराकडे दाद मागण्याची सोय मामलतदार न्यायालय अधिनियमात (१९०६) आहे. खेड्यातील माणसाला स्थावर कायद्याची पहिली ओळख बहुधा याच दाव्याने होते.

कुळकायदा : भातशेतीच्या पट्ट्यात जमीन एकाच्या नावे व नांगर दुसऱ्याचा, ही स्थिती सर्वसाधारण होती. खंड धान्यात दिला जाई व तो अनेकदा अर्धेलीने ठरे. वसईच्या उत्तरेस उंबरगाव, डहाणू व पालघर या तालुक्यांत शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली १९४५ पासून वारल्यांचा लढा झाला. वेठ व लग्नगडीची प्रथा यांविरुद्धच्या या लढ्याने जमिनीचा प्रश्न शासनाच्या दारात आणला. १९४८ च्या मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियमाने खंडाला कमाल मर्यादा घातली. पुढे १९५६ च्या दुरुस्तीनुसार १ एप्रिल १९५७ हा ‘कृषकदिन’ ठरला. त्या दिवशी जमीन कसणारे कूळ कायद्यानेच तिचे खरेदीदार मानले गेले. शेतजमीन न्यायाधिकरणाने किंमत ठरवावयाची, कुळाने ती हप्त्यांनी भरावयाची आणि कलम ३२ म खालील प्रमाणपत्र घ्यावयाचे. ते प्रमाणपत्र खरेदीचा निर्णायक पुरावा होय. कबजा व मालकी यांची एवढी मोठी जुळणी या भागात पूर्वी कधीही झाली नव्हती. तीतून काही जण वगळले गेले. ज्यांचे नाव पीकपाहणीत लागलेलेच नव्हते, ज्यांनी धन्याच्या भिडेखातर तोंडी राजीनामा दिला होता किंवा ज्यांच्याकडून हप्ते थकले, त्यांची जमीन त्यांच्या हातून गेली. आदिवासींच्या बाबतीत हे इतके झाले की, १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात बिगर-आदिवासींकडे गेलेल्या त्यांच्या जमिनी परत करण्यासाठी स्वतंत्र अधिनियम करावा लागला.

हक्कनोंद : मुंबई इलाख्यात १९०३ मध्ये हक्कनोंदीचा कायदा झाला. त्यातून आजचा सातबारा (गाव नमुना सात व बारा) आणि फेरफाराची नोंदवही आली. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या (१९६६) कलम १५७ नुसार यांतील प्रमाणित नोंद विरुद्ध पुरावा येईपर्यंत खरी मानावयाची असते. हे गृहीतक आहे, निर्णय नव्हे. फेरफाराची नोंद महसुलाच्या प्रयोजनार्थ असते, तिने मालकी निर्माण होत नाही वा नष्टही होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने वारंवार म्हटले आहे. राज्य मालकीची हमी देते अशी नोंदणी ऑस्ट्रेलियात टॉरेन्स पद्धतीने एकोणिसाव्या शतकातच सुरू झाली. भारतात दस्ताची नोंदणी होते, हक्काची नाही. त्यामुळे खरेदीदाराला मागील तीस वर्षांचे दस्त, वारस व बोजे स्वतःच तपासावे लागतात. तोंबोपासून सातबारापर्यंत दप्तराचा मूळ प्रश्न ‘देणे कोणाकडून यावयाचे’ हाच राहिला असल्याने ही मर्यादा स्वाभाविकच आहे.

नागरीकरण : विरारहून मुंबईस रेल्वेगाडी १८६७ मध्ये सुरू झाली, तरी पुढील शंभर वर्षे वसई शेतीप्रधानच राहिली. १९८८ नंतर नियोजनाच्या नकाशात मोठ्या क्षेत्राला बांधकामाची वाट मोकळी झाली आणि १९९० मध्ये सिडकोची विशेष नियोजन प्राधिकरण म्हणून नेमणूक झाली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो (१९४२–२०२४) यांच्या पुढाकाराने चाललेल्या हरित वसईच्या आंदोलनाचा रोख याच बदलावर होता. आंदोलकांचा मुद्दा मालकीहक्काच्या विरुद्ध नव्हता. शेजारच्याने विहिरीचे पाणी उपसून बांधकामासाठी विकले, तर आपल्या वाडीची मालकी कोरडी ठरते, असा तो होता. भूजल हे भूपृष्ठाच्या मालकाचे, हे इंग्रजी न्यायालयांचे जुने तत्त्व येथे अपुरे पडले. वसई, विरार, नालासोपारा व नवघर-माणिकपूर या नगरपरिषदा आणि आसपासची गावे मिळून ३ जुलै २००९ रोजी वसई-विरार शहर महानगरपालिका स्थापन झाली; तिच्यात आपला समावेश होऊ नये, म्हणूनही अनेक गावे झगडली.

सदनिकेच्या मालकीने मालकी व कबजा यांची फारकत पुन्हा एकदा झाली. १९६३ च्या सदनिका अधिनियमानुसार विकासकाने गृहनिर्माण संस्था स्थापून जमिनीचे अभिहस्तांतरण तिच्या नावे करून द्यावयाचे असते. ते टाळले जाऊ लागल्याने २००८ च्या दुरुस्तीने मानीव अभिहस्तांतरणाची तरतूद करण्यात आली. ते होईपर्यंत इमारत ज्या जमिनीवर उभी, तिच्या सातबारावर मूळ शेतकऱ्याचे वा विकासकाचे नाव राहते आणि पुनर्बांधणीच्या वेळी ते नाव बोलू लागते. ज्या इमारतींखालच्या जमिनीवर बांधणाऱ्याचा मुळातच हक्क नव्हता, त्यांतील खरेदीदारांची अवस्था याहून बिकट असते. नालासोपारा पूर्वेस कचराभूमी व मलजलशुद्धीकरण केंद्र यांसाठी राखून ठेवलेल्या जागेवर ४१ अनधिकृत इमारती उभ्या राहिल्या होत्या. मुंबई उच्च न्यायालयाच्या २०२४ मधील आदेशानुसार त्या नोव्हेंबर २०२४ ते फेब्रुवारी २०२५ या काळात पाडण्यात आल्या व दोन हजारांहून अधिक कुटुंबे बेघर झाली. ज्याला हक्क नाही तो दुसऱ्यास हक्क देऊ शकत नाही, या तत्त्वाला अपवाद आहे. दर्शनी मालकाकडून सद्‌भावनेने व मोबदला देऊन घेणाऱ्या खरेदीदारास मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाचे कलम ४१ संरक्षण देते. परंतु खऱ्या मालकाच्या संमतीने जो दर्शनी मालक झाला आहे, त्याच्यापासून खरेदी केली असली पाहिजे आणि खरेदीदाराने त्याच्या अधिकाराची वाजवी चौकशी केलेली असली पाहिजे. राखीव जागेवर विनापरवाना उभ्या राहिलेल्या इमारतीत या दोन्ही अटी पूर्ण होत नाहीत. तेथील रहिवाशांकडे घरपट्टीच्या पावत्या, वीजदेयके आणि करारपत्रे होती.